हलला म्हणजे जिवंत

मी काचेची कांडी बोलतेय. वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, रंगीबेरंगी द्रावणं ढवळायला मिळतील. नशिबात आल्या माशांच्या टाक्या! कारखान्यातलं एखादं रसायन नदीला किती घातक, हे आमच्या प्रयोगशाळेत तपासतात. एका टाकीत साधं पाणी. दुसरीत नदीत मिसळेल तेवढंच रसायन. दोन्हींत बोटाएवढे दहा-दहा मासे. चार दिवस रोज सकाळी बाई येतात आणि जो मासा निपचित दिसेल त्याच्या शेपटीला मला टेकवतात. हलला तर जिवंत, नाही हलला तर मेला. कागदावर रकाने दोनच.

बाई म्हणजे आमच्या तपासनीस. बारा वर्षं त्यांच्या हातात आहे मी. माशांशी गप्पा मारायची सवय त्यांना. "काय रे ढब्ब्या, रुसलास का?" असं विचारून मगच मला पाण्यात घालतात. त्यांचा हात मला चांगला ठाऊक आहे. परवापासून तो एकेका माशाला मला दोन-दोनदा टेकवत होता.

यावेळचं रसायन लोखंडी सामानावरचं ग्रीस धुवायचं. धुतलेलं पाणी नदीत सोडायला कारखान्याला परवानगी हवीय. त्याच नदीवर, खालच्या अंगाला, बाईंचा धाकटा भाऊ जाळं टाकतो. बायकापोरांसकट त्याचं सगळं घर त्या जाळ्यावर चालतं.

दुसऱ्या दिवशी रसायनातले मासे कलले. तिसऱ्या दिवशी आडवे झाले. आज चौथा दिवस. साध्या पाण्यातले मजेत फिरत होते आणि रसायनातले नऊ जण पोट वर करून धापा टाकत होते. मी टेकले की शेपूट जेमतेम थरथरायची. आणि नोंद काय? जिवंत, दहापैकी दहा! अहो, माझ्याकडून खोटं वदवून घेतात! पाय नाहीत मला, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईंनी समासात लिहिलं, 'नऊ मासे पोहू शकत नाहीत.' प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी ते खोडलं.

"त्याला रकाना नाही, बाई. मेलेत का? नाही ना? मग झालं तर."

"साहेब, नदीत असा उलटा पडलेला मासा किती वेळ टिकेल? घार उचलून नेईल त्याला."

"घारीचं आपण तपासत नाही."

वा रे शहाणे! घारीचं नाही, भावाच्या जाळ्याचं नाही, मग तपासता तरी काय, कपाळ?

बाईंनी ती रसायनाची टाकी उचलून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवली आणि मला त्यांच्या हातात दिलं. "घ्या. तुम्हीच टोचा."

इतक्या वर्षांत साहेबांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी मला एका माशाला टेकवलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. साहेब बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, विरघळला माणूस.

"हलला," ते पुटपुटले आणि त्यांनी कागदावर सही ठोकली.

पण सह्या दोन लागतात. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "माझी मिळणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. भावाला तोंड दाखवायचंय मला."

त्यांना दुपारीच घरी पाठवलं. मी इथेच टेबलावर पडलेय, न धुतलेली. शेजारी एका सहीचा कागद. उद्या दुसऱ्या कुणाला तरी सहीसाठी बोलावणार आहेत म्हणे. तू जो कोणी येशील, पदर पसरून मागते, मला लगेच उचलू नकोस. आधी खाली वाक आणि त्या टाकीत नीट बघ. मग होत असेल तुझ्याने, तर कर सही.