फीडमध्ये राहिलेला लेख

माझ्या फीड रीडरमध्ये मी चौदा वेबसाइट जोडल्या आहेत. कुठे काही नवीन लिहिलं गेलं की ते आपोआप तिथे येतं, दारोदार जावं लागत नाही. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला हे बरं पडतं. चौदावी वेबसाइट मारोतरावांची. रोलिंग मिलमधून निवृत्त झाल्यावर ते आठवणी लिहू लागले. नेमाने वाचणारा बहुधा मी एकटाच.

रविवारी सकाळी त्यांचा लेख आला : 'रजेचा अर्ज'.

तीस वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गयाबाईंची आई भंडाऱ्याला शेवटच्या दुखण्यात होती. मारोतराव रजा घेऊन गयाबाईंना तिकडे नेणार होते, पण अर्ज हरवला आणि आई भेटली नाही. तेव्हा मी मिलच्या ऑफिसात होतो, रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्या दिवसापासून गयाबाई मला 'अर्ज गिळणारे' म्हणतात. हसत म्हणतात, पण म्हणतात. मलाही वाटायचं, असेल, माझ्याच हातून हरवला असेल.

लेखात मारोतरावांनी लिहिलं होतं : प्रमोशनची टेस्ट तोंडावर होती. अर्ज मी दिलाच नाही. डब्याच्या पिशवीत ठेवला आणि घरी हरवला म्हणून सांगितलं.

अभिप्राय लिहावा म्हणून मी त्यांची वेबसाइट उघडली. 'हे पान सापडत नाही.' तासाभरात त्यांनी लेख काढून टाकला होता. माझ्या फीडमध्ये मात्र तो तसाच होता.

संध्याकाळी मी मरोद्याला त्यांच्या घरी गेलो.

"या, अर्ज गिळणारे!" गयाबाई म्हणाल्या. "बसा, च्या मांडतो."

मारोतराव खाली पाहून हसले. ते हसले नसते तर कदाचित मी गप्प राहिलो असतो.

"वहिनी, तो अर्ज माझ्याकडे आलाच नव्हता," मी म्हणालो. "मारोतरावांनीच आज लिहिलंय."

मारोतरावांचा चेहरा उतरला. "ते तं मी काढून टाकलं होतं शामभाऊ. तुमाले दिसलं नाही काय?"

"माझ्या फीडमध्ये आहे ना अजून," मी म्हणालो. विचारलं एक, सांगितलं दुसरं.

"काय लिवलं जी यायनं?" गयाबाईंनी गॅस बंद केला. "वाचा बरं."

"राहू द्या वहिनी."

"वाचा म्हनतो ना मी."

मी वाचलं. जन्मभर मोठ्याने वाचायची हौस होती, त्या दिवशी डब्याच्या पिशवीचं वाक्य घाईघाईने उरकलं. मारोतराव उठून अंगणात गेले. गयाबाई शेवटपर्यंत उभ्याच होत्या. मग त्यांनी गॅस पुन्हा पेटवला, चहा गाळला आणि एकच कप माझ्यापुढे ठेवला.

"घ्या, भाऊजी."

नुसतं भाऊजी. तीस वर्षं मला हेच हवं होतं. मी चहा तसाच ठेवून निघालो.

याला तीन आठवडे झाले. तेरा वेबसाइटींवरून रोज काही ना काही येतं. चौदावीवरून आलेला शेवटचा लेख तोच आहे. मी तो फीडमधून अजून पुसलेला नाही, आणि त्यांनी तो काढून टाकल्याचं मला आधीच दिसलं होतं हे मारोतरावांना सांगितलेलंही नाही.