आखूड बाह्यांचा सदरा

मी दादासोचा पांढरा सदरा बोलतोय. निरवांगी गावात मला सगळे ओळखायचे ते माझ्या बाह्यांवरून. मनगटाच्या चार बोटं अलीकडंच त्या संपायच्या. त्यात शिंप्याची चूक नाही, म्हातारीचा हट्ट आहे.

म्हातारी म्हणजे दादासोची आई, भागूबाई. त्र्याण्णवच्या दिवाळीला तिनं बारामतीहून माझं कापड आणलं. ताग्याचं शेवटचं टोक होतं, मापाला बरोबर. गावच्या सिद्धू शिंप्यानं ते अंथरलं तर कडेला गिरणीचा जांभळा छाप, तळहाताएवढा. सिद्धू म्हणाला, राहू दे की, चांगल्या गिरणीचं कापड आहे हे चार लोकांना कळेल तरी.

भागूबाईनं कात्री उचलून त्याच्या हातात दिली. "काप त्यो."

"आत्ती, बाह्या आखूड व्हतील."

"व्हऊ दे. खूण मेंढराच्या पाठीवर करत्यात, कुणाचं हाय ते कळाया. माझा ल्योक कुणाच्या कळपातला न्हाय."

तिची मेंढरं जाऊन वीस वर्षं झाली होती. रानात आता कांदा होता, पण बोलणं अजून कळपामागचंच.

पहिल्यांदा मला लाज वाटायची. दोरीवर शेजारच्या पोरांचे रंगीत शर्ट, छातीवर इंग्रजी नावं, आणि मधे मी कोरा. पण दादासोनं कधी बाही ओढून लांब करायचा प्रयत्न केला नाही. ताठ चालायचा. मग मीही ताठ राहायला शिकलो.

पुढच्या साली त्याचा कांदा असा पोसला की लोक पार लांबच्या डाळज गावापासून बघायला आले. बी घरचंच, भागूबाईनं धरलेलं. त्याला विचारल्याशिवाय गावात कुणी रोप टाकेना. हे एका बियाण्याच्या कंपनीच्या साहेबाला कळलं. दसऱ्याआधी इंदापुरात त्यांचा मेळावा होता. साहेब जीप घेऊन दारात आला. भाषण करायचं नाही, आमचा टी-शर्ट घालून नुसतं स्टेजवर बसायचं, फवारणीचा नवा पंप मिळेल, म्हणाला. दादासोला पंपाची नड होती. जुना गळायचा, औषधाचे डाग माझ्या पाठीवर आहेतच. नुसतं बसायचं तर आहे, म्हणून तो गेला.

चारचौघांत उघडं व्हायला लाजला आणि टी-शर्ट त्यानं माझ्यावरूनच चढवला. मी आत कोंडलो. दिसेना काही, नुसतं ऐकू येत होतं. मागून कुणीतरी बोललं, "दादासो, आमच्या गोठ्याच्या भिंतीला बी ह्येच कंपनीचं नाव रंगवलंय. तू बी भिंत झालास व्हय?" लोक हसले. दादासोही हसला, पण छाती हसली नाही. ती माझ्या खालीच होती, मला कळलं.

मग आवाज आला आमच्या शेजारच्या रंगूबाईचा. अर्धा एकर रान, एकटी बाई.

"ह्या कंपनीच्या बियाच्या दोन पुड्या घेतल्या बाबा. म्हनलं, आता इचारायचं काय? दादासोनं अंगावर घेतलंया."

ती कपड्याचं बोलली का जबाबदारीचं, देव जाणे. आमच्याकडं शब्द एकच आहे. आणि कंपनीचं ते बियाणं दादासोनं चिमूटभरसुद्धा पेरलेलं नव्हतं.

त्यानं तिथंच टी-शर्ट डोक्यावरून ओढला. कानांपाशी अडकला, पुन्हा हशा झाला. दादासोनं घडी घालून तो साहेबाच्या हातात दिला.

"साहेब, बी वाईट हाय आसं मी म्हणत न्हाय. पर मी पेरलंच न्हाय, तर अंगावर कसं घिऊ?" मग रंगूबाईकडं वळला. "काकू, पुड्या माघारी द्या. वाफ्यापुरतं बी मी घरातलं देतो."

परतताना जीप नव्हती. एसटीत उभ्यानं आलो. जुना पंप आणखी पाच वर्षं माझ्या पाठीवर गळला, पण त्या डागांची मला कधी लाज वाटली नाही.

आता माझी कॉलर विरली आहे. भागूबाईनं मला फाडून माझ्या पाठीच्या कापडात कांद्याचं बी बांधून मडक्यांच्या उतरंडीत ठेवलंय. एक आखूड बाही रंगूबाईच्या घरी आहे, तिच्यातही बीच आहे.

तुम्ही नवं कापड हौसेनं घ्या. फक्त आपण अंगावर काय घेतोय, तेवढं एकदा बघा. माझ्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तरी मी कुणाचा, हे निरवांगीत कुणाला विचारावं लागलं नाही.