झिजलेला डावा बूट

"दुकानात माल आला होता गं, ताई," म्हणत भाऊ आत शिरला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. खोकी उचलून पाठ अशी चिंब होते? आणि अंगाला तो मलमाचा वास!

एके काळी याला सगळे 'तोफ' म्हणायचे. टेनिसच्या मोठमोठ्या स्पर्धांत याची सर्व्हिस परतवताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. मग उजवा खांदा गेला. दोनदा ऑपरेशन झालं. "आता पुन्हा जोर लावलात, तर घाससुद्धा तोंडाशी नेता येणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा याने माझ्या गळ्याची शपथ घेऊन खेळणं सोडलं आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी धरली.

शपथ म्हणे! मी काय दुधखुळी आहे? तो आंघोळीला गेल्याबरोबर मी त्याचे बूट उचलले. सर्व्हिस करताना मागचा पाय फरफटतो, म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा बूट पुढून झिजतो. लहानपणापासून याच्याबरोबर सराव केलाय मी, मला कोण फसवणार? पण उजवा बूट धड होता. झिजला होता डावा. माझं डोकंच चालेना.

दुसऱ्या दिवशी गेले त्याच्या मागोमाग. शाळेमागच्या कोर्टावर हा एकटाच, रॅकेट डाव्या हातात. चेंडू जाळीत. पुन्हा जाळीत. एक तर रॅकेटला लागलाच नाही. मी तरातरा कोर्टात शिरले.

तोंडातून शिवीच निघाली. "खोटारड्या! लाज नाही वाटत?"

तो दचकला. "उजव्याने एकही मारला नाही, ताई. शपथ मोडली नाही मी."

"आणि हाही खांदा गेला म्हणजे? भरवणार कोण तुला?"

"तू," म्हणून निर्लज्जासारखा हसला. मग ते हसू ओसरलं. "दिवसभर लोकांना रॅकेट विकतो गं. जीव तुटतो माझा."

मी काही बोलायच्या आत त्याने उजव्या हाताने चेंडू वर टाकायला घेतला. हात खांद्याच्या वर जाईच ना. चेंडू जेमतेम कपाळापर्यंत चढला आणि खाली पडला. दातओठ खात तो पुन्हा हात उचलायला लागला.

"थांब, मेल्या!"

मी पर्स खाली टाकली, चेंडू त्याच्या हातातून हिसकावला, शेजारी उभी राहिले आणि उंच उडवला.

"मार."