बरणीतली जांभळी समुद्रकाकडी

संग्रहालयात सगळे तिला काकडीबाई म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. खोल समुद्राच्या तळाशी चिखल खात सरकणाऱ्या समुद्रकाकड्या ओळखणं, हेच तर तिचं काम होतं. सासूबाई मात्र जेवताना हमखास चिमटा काढत, "काकडी ती काकडी. त्यात आणखी ओळखायचं काय गं?"

एका बरणीने मात्र तिचं डोकं पोखरलं होतं. आतल्या जांभळट, लिबलिबीत प्राण्यांना विभागप्रमुख सरांनी तरुणपणी एका माहितीतल्या जातीत बसवलं होतं. तिला ते काही केल्या पटेना. पाठीवरचे उंचवटे त्या जातीसारखे नव्हते.

"पुरावा दाखवा, मग बोलू," सर म्हणाले.

पुरावा म्हणजे कातडीत रुतलेले चुन्याचे कण. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पण जातीजातीत वेगळ्या घडणीचे. बरणीतलं फॉर्मॅलिन जुनं होऊन आम्लधर्मी झालं होतं, त्यात ते केव्हाच विरघळले होते. तिने तुकड्यामागून तुकडा तपासला. हाती भोपळा.

मग तिने मोहिमेवर निघालेल्या शास्त्रज्ञांचा पिच्छा पुरवला. "बरणीतल्या जिथे सापडल्या, त्याच जागेवरची एक आणा. आणि फॉर्मॅलिनला हातसुद्धा लावू नका, थेट अल्कोहोलमध्ये घाला." त्यांनी आधी टोलवाटोलवी केली, मग वैतागून हो म्हटलं. तळाशी सोडलेल्या यंत्राच्या हाताने अलगद उचललेली एकच आली, पण अख्खी.

तिने पाठीच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा काचेवर ठेवून त्यावर ब्लीचचा थेंब सोडला. कातडी विरघळली. उरलं ते धुऊन तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि डोळा लावला.

जुन्या जातीचे कण चार हातांचे आणि गुळगुळीत. इथे प्रत्येक हात काटेरी होता, आणि मधोमध एक उभा सुळका, टोकाला दुभंगलेला. असं तिने कुठल्याच चित्रात पाहिलं नव्हतं. तिने सरांना बोलावून आणलं.

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठले नाहीत. "पोटाकडची कातडी पाहिलीत? तोंडाभोवतीच्या मिशा?"

"दोन्ही स्लाइड तुमच्या उजव्या हाताला आहेत, सर."

त्यांनी त्याही पाहिल्या, चष्मा पुसला. "मी चुकलो होतो, बाई. जात नवीन आहे, आणि ती तुमची आहे. नाव शोधा."

शोधायची गरजच नव्हती. लेख छापून आला त्या संध्याकाळी तिने तो सासूबाईंपुढे ठेवला आणि लांबलचक शास्त्रीय नावाच्या दुसऱ्या शब्दावर बोट टेकवलं.

"हे तर माझं नाव."

"हो, आई. तुम्ही घर सांभाळलंत म्हणून मी प्रयोगशाळेत बसू शकले."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग फोन उचलून थोरल्या मुलाला, आपल्या दोन्ही नणंदांना आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंना एकेक करून ठणकावून सांगितलं, "समुद्राच्या तळाशी माझ्या नावाचा एक जीव आहे. आमच्या सूनबाईने शोधलाय."