आवळ्याचं तीर्थ

मानवतच्या लिंगराजआप्पांचा उभा जन्म भुसारात, धान्याच्या व्यापारात गेला. मूठभर ज्वारी हातात घेतली की पोत्यात किती किडकी निघेल हे ते सांगत. स्वतःच्या फुफ्फुसाची कीड मात्र त्यांना कळली नाही. कॅन्सर हाडांपर्यंत गेल्यावर परभणीच्या डॉक्टरांनी ती सांगितली आणि केमो सुरू झालं.

मुलानं, विरेशनं, मोबाइलवरचं वाचून दाखवलं : ज्याच्या रक्तात अँटिऑक्सिडंट जास्त, तो रोगी जास्त जगतो, आणि आवळ्यात ते भरपूर. झालं. आप्पांच्या बायकोनं, सिद्धम्माकाकूंनी, आवळ्याचं पोतंच उतरवून घेतलं.

आप्पांचं आणि आंबटाचं जन्माचं वैर. पहिला पेला त्यांनी मोरीत ओतला. दुसऱ्याला दात घट्ट मिटून बसले.

“लहान लेकरू बरं तुमच्यापरीस,” काकू म्हणाल्या.

“लेकरू रडून तरी सुटतंय.”

काकू पेला उचलून आत गेल्या. आप्पांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, तांब्यातली धार सोडली आणि डोळे मिटून तीर्थ तोंडात घेतलं. डोळे आपोआप उघडले. थुंकावं तर तीर्थ, गिळावं तर आवळा. शेवटी गिळलं.

“सिद्धम्मा, हे काय हाय?”

“तीर्थ हाय,” आतून आवाज आला. “तीर्थाला नावं ठिवू नयेत.”

मग हे रोजचंच झालं. तांब्याही मोठा झाला.

विरेशनं हट्टानं रक्तातलं अँटिऑक्सिडंट तपासून घेतलं. आकडा चांगला आला. काकूंनी डॉक्टरांपुढे सगळी तीर्थकथा ऐकवली. डॉक्टर हसले, पण मानेनं नाही म्हणाले.

“आजी, ज्याच्या घरात धान्य जास्त त्याचं घर धडधाकट दिसतं. पण पडक्या घरात बाहेरून पोती नेऊन टाकली तर भिंती उभ्या राहतील का? ते अजून कुणाला ठाऊक नाही. केमो चालू असताना असा रस मुद्दाम पाजू नका. जेवण मात्र जाऊ द्या पोटात.”

भुसारातली गोष्ट असल्यामुळे आप्पांना ती लगेच पटली. सुटल्याचा आनंद त्यांनी एसटीत बसेपर्यंत कसाबसा दाबला. शेजारी काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

“मंग आता म्या काय करू?” त्या हळूच म्हणाल्या.

आप्पांचा आनंद तिथंच विरला. हिला वाटत होतं, आपण आवळा कुटतोय तोवर माणूस जात नाही.

“डॉक्टर जेवायला घाला म्हनलेत,” ते म्हणाले. “लय दिवस झाले तुझी पातळ भाजी खाल्ली न्हाई.”

भूक तर औषधानं कधीच मेली होती. अर्धी भाकरी खाऊन उठावं, बाईचं समाधान होईल, असा त्यांचा हिशेब.

दुपारी ताट आलं. पातळ भाजी, कांदा, आणि तीन टम्म भाकरी. आप्पांनी घाबरून वर बघितलं.

“एवढं कोन खानार?”

“देवाला दाखवलंय,” काकू समोर मांडी घालून बसत म्हणाल्या. “टाकता येत न्हाई.”

आप्पांनी पहिला घास मोडला. तो पाण्याच्या घोटासरशी गिळला, आणि अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.

“परसाद एकट्यानं खाऊ नये,” ते म्हणाले.