तपासणीला येताना

"दिसलं म्हणून कापू नकोस गं. आधी देठ शोध."

कधीकाळच्या गुरूंचा तो घोगरा आवाज पुन्हा कानाशी आला, तशी सर्जनबाईंनी हातमोजा ओढून टोपलीत फेकला.

"गाठ लागते हाताला, देठ लागत नाही. पोटावरून दाबावं तर गर्भाची पिशवी जागेवरच नाही! सोनोग्राफीवाले म्हणतात, गाठ आहे, काढा. काढा काय, काढा!"

पडद्यामागून शाळेतल्या बाई कपडे सावरत आल्या आणि थोरल्या बहिणीशेजारी बसल्या. चेहरा पांढराफटक.

"रक्त किती जातं?"

"जातं आपलं."

"आपलं म्हणजे?"

"सगळ्यांचं जातं तसं."

"सगळ्यांचं असं गेलं असतं तर जगात बायका उरल्या नसत्या," थोरली कडाडली. "डॉक्टर, वर्गात हिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. इथं मात्र मिठाची गुळणी!"

"ताई, पुरे."

सर्जनबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, नीट ऐका. गाठीच्या ओढीनं पिशवी आतून उलटी झाली असेल, मोजा उलटा होतो तशी. बाळंतपणाशिवाय असं क्वचितच होतं. पण झालं असेल आणि मी खालून गाठ कापायला गेले, तर पिशवीच कापली जाईल. रक्त आवरणार नाही. तसं असेल तर आधी पोट उघडायचं, पिशवी सुलटी करायची, शिवायची. म्हणून विचारते. कधी खालून काही बाहेर आलं होतं?"

"नाही."

"चालताना? उभं राहताना?"

"नाही हो."

"मागच्या वेळीही नाही, आजही नाही!" सर्जनबाईंनी कपाळावर हात मारला. मग फोन उचलला. "सिस्टर, उद्याची केस. हो, गाठच. खालूनच घेऊ, पोटाची तयारी नको."

बाईंनी बहिणीकडे पाहिलं. पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ताई, तू जरा बाहेर बस."

"मी? का?"

"बस ना गं."

दार लागलं. सर्जनबाईंनी फोनवर हात ठेवला.

"रोज येतं," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "फळ्यापाशी उभी राहिले की येतं. मी आत सारते, बेंबीपासून ओढल्यासारखं दुखतं. इथं यायच्या आधीही अंघोळ करून, सारूनच येते. तुम्हाला असलं कसं दाखवायचं, डॉक्टर?"