चपलांचा नंबर

नळाखालच्या ओल्या फरशीवर पालथी पडलेली ती डावी चप्पल — अंगठ्यापाशी तारेनं शिवलेली — आपलीच आहे हे चंद्रभानला लांबूनच कळलं होतं, आणि तरी जवळ जाईपर्यंत तो स्वतःला सांगत राहिला की नसेल, दुसऱ्या कुणाची असेल... सकाळी त्यानं जोड संगणकाच्या खोलीच्या दाराशी ठेवला होता. सगळ्यांच्या आधी. अख्ख्या कृषी विद्यापीठात मशिनं दोनच. त्या गार खोलीत धूळ नको म्हणून पायताणं बाहेर काढायची, आणि पोरांनी मग त्यांचीच रांग करून टाकली होती — चप्पल ठेवायची नि आपल्या कामाला जायचं, नंबर चप्पल धरते. तो अनवाणी कपाशीच्या प्लॉटवर गेला, बोंडं मोजून आला, तर रांगेत बाकीच्यांचे जोड नीट बसलेले. त्याचा नव्हता. याच आठवड्यात दुसऱ्यांदा.

झाडताना सरजाबाईनं सरकवला असेल. कुत्र्यानं ओढला असेल... असेल की, मी तरी कुणाचं नाव घेऊ? पण कुत्र्याला बरा एकच जोड ओळखू येतो!

एम.एस्सी.ला मुख्य विषय शेतीचा, आणि मायनर म्हणून संगणक त्यानं हट्टानं घेतला होता. त्याचे गाइड भगवानराव सर तेव्हाच म्हणाले होते, "कशाला डोक्याला ताप? विस्तार शिक्षण घे, तुम्हा लोकांना बरं पडतं." तुम्हा लोकांना — हसूनच म्हणाले होते, वर चहा पाजला होता, आणि तो चहा अजून घशाखाली उतरला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत कपाशीच्या आकड्यांचा प्रोग्राम चालवून छापलेला कागद त्यांच्या टेबलावर पडला नाही, तर उद्या मायनर बदलायचा, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं.

"काय चंद्रभान," दारावरचा शिपाई दत्तराव म्हणाला, "तुझ्या पेडगावात लाईट ऱ्हाईना, अन् तू कम्प्युटर शिकायलास व्हय?"

"माझा नंबर पयला होता, मामा."

"मी हाय का हितं चपला राखायला?"

जिंतूरकडच्या बागाईतदाराचा रंगनाथ भिंतीला टेकून पेरू खात होता. "लायनीत चप्पल दिसंल त्याचा नंबर," तो म्हणाला. "तुझी कुठाय? का आता लायनीचंबी नामांतर करायचंय?"

थांबलेले बाकीचे हसले. सगळे नाही — कोण हसलं नाही ते चंद्रभानला पाहायचं होतं, पण मान वर होईना.

पेडगावात वरच्या आळीतून जाताना त्याचा बाप लिंबाजी चपला काढून काखेत धरायचा. सातवीत असताना त्यानं विचारलं होतं, "कुणी सांगितलं तुमाला?" "न्हाई." "मग?" "सांगावं लागत न्हाई, लेकरा." त्या दिवशी त्याला बापाचा लय राग आला, वाट संपेपर्यंत तो बापाच्या मागं मागं राहिला... आणि आज वाटत होतं, राग बापाचा नसावा. त्या सांगावं न लागण्याचा असावा. इथंही कुणी काही सांगितलं नव्हतं. एखादं वाक्य तरी कुणी सरळ बोललं असतं, तर त्यावर बोट ठेवता आलं असतं. नळाखालच्या चपलेवर काय बोट ठेवणार?

त्यानं चप्पल उचलली नाही. ओल्या पायांनी सगळ्या जोडांच्या पुढं जाऊन उंबऱ्याशी उभा राहिला.

"अबे, चप्पल?" रंगनाथ म्हणाला.

"चप्पल ऱ्हाऊ दे तिथं. मीच उभा हाय."

आवाज आपला वाटेना. आतलं मशीन मोकळं झालं. कुणी अडवलं नाही. दत्तरावनं नुसतं "पाय पूस" म्हटलं आणि पायपुसणं पायानंच त्याच्याकडं सरकवलं.

खोली गारठली होती. खुर्चीवर बसून त्यानं फ्लॉपी घातली. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका उघडझाप करू लागला. प्रोग्राम कुठं अडतो, आकडे बरोबर येतात का, छपाई वेळेत होते का, तिकडं लक्ष हवं होतं. लक्ष होतं पाठीमागच्या दाराकडं. मानेपासून कमरेपर्यंत पाठ ताठ झालेली. बाहेर कुजबुज चालली होती, मग तीही थांबली. आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आपण भिऊन कान दिलेला नाही — वाट पाहतो आहोत. कुणीतरी आत यावं, खांद्यामागं उभं राहावं, आणि सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा म्हणावं — ऊठ.